छोटी स्पोर्ट्स कार ताणून चालवताना इंजिन कसे जपावे

माझदा एमएक्स-5, म्हणजे अमेरिकेत मियाटा या नावाने ओळखली जाणारी दोन आसनांची उघड्या टपाची गाडी, 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. माझदाने ती भारतात विकली नाही. पण अमेरिका, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि गाड्यांची हौस असलेल्या मराठी माणसाच्या आवाक्यात येणारी सेकंडहँड स्पोर्ट्स कार बहुधा हीच असते. ती घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो, की काटा वारंवार 7,000 आरपीएमपर्यंत (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) नेला तर इंजिनाचे आयुष्य घटेल का. नीट तापलेले, तेलाने पुरेसे भरलेले आणि योग्य गिअरमध्ये असलेले इंजिन रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या काट्यावरील लाल मर्यादेपर्यंत, नेणे हे त्याच्या नेहमीच्या कामातच मोडते, कारण कंपनीने ती मर्यादा राखीव ताकद हाताशी ठेवूनच आखलेली असते. ही इंजिने बिघडतात ती थंड तेल, अपुरे तेल, तापलेले पाणी आणि चुकीचा गिअर यांमुळे. पहिल्या पिढीच्या 1.6 लिटर इंजिनाचा आधार घेऊन हे पाहू. इतर छोट्या गाड्यांना यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

सुरुवात तापवण्यापासून करावी. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर पिस्टन आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि भागांमधील फटी ठरवलेल्या मापात येतात त्या पूर्ण तापमानालाच. पाण्याचा काटा काही मिनिटांतच मध्याजवळ येऊन स्थिरावतो, म्हणून इंजिन तयार झाले असे वाटते; तेल मात्र तोपर्यंत कोमटच असते. काटा स्थिरावल्यानंतर आणखी सात-आठ किलोमीटर गाडी 3,000 आरपीएमच्या आसपास, अर्ध्याहून कमी पेडल देऊन चालवावी आणि मगच ताणावी. गाडी उभी करून इंजिन नुसते चालू ठेवण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींवरून उतरून तेलात मिसळते. हळू चालवण्याच्या नादात वरच्या गिअरमध्ये 1,500 आरपीएमवर पेडल तळाला दाबणे हेही तितकेच वाईट आहे. त्या वेगात बेअरिंगवरचा तेलाचा थर पातळ असतो आणि भार मात्र पूर्ण पडतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत तर अशा वेळी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊन पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. म्हणूनच 2020 साली आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसपी दर्जाच्या तेलात या दोषाची वेगळी चाचणी आहे, आणि टर्बो गाडी असेल तर डब्यावर ती अक्षरे पाहूनच तेल घ्यावे.

गिअरच्या चुकीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बाकीचे दोष इंजिन हळूहळू झिजवतात आणि ही एक चूक ते अर्ध्या सेकंदात संपवते. या गाडीच्या पाच गिअरच्या पेटीत दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर 1.888, तिसऱ्याचे 1.330 आणि चौथ्याचे 1.000 आहे. तिसऱ्या गिअरमध्ये 7,000 आरपीएमवर असताना चौथा टाकायचा होता आणि हात दुसऱ्यात गेला, तर क्लच सोडताक्षणी चाके इंजिनाला सुमारे 9,900 आरपीएमवर खेचतात. रेव्ह लिमिटर, म्हणजे आरपीएम ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी यंत्रणा, इथे काहीच करू शकत नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो, आणि इथे इंजिन पेट्रोलवर नव्हे तर चाकांच्या जोरावर फिरत असते. पिस्टन आणि त्याला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 7,000 वर जो ताण होता तो 9,900 वर दुप्पट होतो. रॉडचे बोल्ट आणि बेअरिंगे तेवढ्यासाठी घडवलेली नसतात.

भारतात गाडी शिकून अमेरिकेत चालवणाऱ्याने इथे विशेष जपावे. आपल्याकडे गिअर डाव्या हाताने टाकतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची ओळ चालकापासून दूर असते. तिकडे तीच ओळ चालकाच्या गुडघ्याकडे येते. मुठीत धरून ओढलेला दांडा स्वाभाविकपणे शरीराकडे वळतो, आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना शरीराची बाजू म्हणजे नेमका दुसरा गिअर. म्हणून दांड्याची मूठ आवळू नये. बोटे पुढून नुसती अडकवून तो सरळ मागे ओढावा. आतल्या स्प्रिंगा त्याला आपोआप मधल्या ओळीत धरतात, त्यांना त्यांचे काम करू द्यावे. इंजिनाची माउंटिंगे जुनी होऊन खचली असतील तर वळणावर इंजिन आणि गिअरपेटी हलून हाच घोटाळा अधिक सहज होतो, तेव्हा ती बदलणे हाही या सावधगिरीचाच भाग समजावा.

खालचा गिअर टाकतानाचे गणितही पाठ असावे. चौथ्यात 5,000 वर असताना तिसरा टाकला तर इंजिन 6,650 वर जाते, हे ठीक. 5,500 वर टाकला तर ते 7,300 च्या पुढे जाते. म्हणून आधी ब्रेक लावून वेग उतरवावा आणि गिअर नंतर टाकावा. क्लच सोडण्याआधी उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला एक छोटा टोला देऊन आरपीएम जुळवून घेतले, तर क्रँकशाफ्टला आणि गिअरपेटीला बसणारा धक्का टळतो. हे आधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर सावकाश शिकावे. घाटात तर या लेखातले काहीच करून पाहू नये. त्यासाठी शर्यतींचे ट्रॅक आहेत, भारतात असाल तर कोइमतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडा येथे.

आता तेलाकडे वळू. या इंजिनात जेमतेम साडेतीन लिटर तेल मावते, म्हणून एक लिटर कमी होणे म्हणजे चतुर्थांशाहून अधिक तेल जाणे. चांगल्या टायरांवर लांब वळण घेताना बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका होऊ शकतो आणि त्या क्षणी इंजिनाच्या तळाच्या पॅनमधल्या तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो. पातळी कमी असेल तर तेल शोषणारी नळी उघडी पडते, पंप हवा ओढतो, आणि ते नेमके इंजिन सर्वाधिक वेगात असताना घडते. ट्रॅकवर दर वीस-पंचवीस मिनिटांच्या फेरीनंतर गाडी सपाट जागी उभी करून, पाच मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि पातळी वरच्या खुणेवरच ठेवावी. सुरुवातीच्या मॉडेलांत तेलदाबाचा काटा खरा दाब दाखवतो. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या गाड्यांत मात्र थोडा दाब असला तरी तो मध्यावर जाऊन बसतो, आणि माझ्या मते असा काटा नसलेला बरा. अशा गाडीत वेगळा मीटर बसवून घ्यावा.

पाण्याच्या काट्यावरही फार विसंबू नये. तो मुद्दाम सुस्त केलेला असतो आणि पाणी बरेच तापेपर्यंत जागचा हलत नाही. हलला म्हणजे उशीर झालेला असतो. त्यापेक्षा बॉनेट उघडून रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी पाहावी. नवी असताना ती काळी असते. तिला मातकट किंवा हिरवट छटा आली की प्लॅस्टिक ठिसूळ झाले आहे आणि एखाद्या गरम दुपारी ती तडकणार, हे नक्की धरावे. आणखी एक अडचण रचनेतच आहे. हे इंजिन मुळात माझदाच्या आडव्या इंजिनाच्या छोट्या गाडीतून घेतलेले आहे, आणि इथे ते उभे बसवताना गरम पाणी बाहेर पडण्याची वाट पुढच्या बाजूला आणली गेली. पंपही पुढेच असल्याने मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरभोवती पाणी कमी खेळते. रोजच्या वापरात याने काही बिघडत नाही, पण टर्बो बसवणाऱ्यांनी ही वाट पुन्हा मागे वळवून घ्यावी. ट्रॅकवर पाणी तापू लागलेच तर हीटर पूर्ण उघडावा, आरपीएम उतरवावे आणि सावकाश बाहेर यावे.

लिमिटरवर आपटत राहण्याची काहींना फार हौस असते. पेट्रोल तुटणे आणि पुन्हा मिळणे या झटक्यांनी क्रँकशाफ्ट पिळवटतो, आणि त्याच्याच टोकावर बसवलेल्या तेलपंपाचे गिअर, जे धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात, तडकतात. शर्यतींसाठी तयार केलेल्या इंजिनांत ते अखंड पोलादाचे घालतात, ते उगाच नव्हे. तेव्हा गिअर लिमिटरच्या दोन-तीनशे आरपीएम आधीच बदलावा.

पेट्रोलबाबत थोडक्यात. या पिढीत नॉक सेन्सर, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणारा ठोका ओळखणारे उपकरण, नाही. इग्निशनची वेळ, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, कंपनीने दिलेल्या 10 अंशांवर असेल तर साधे पेट्रोल पुरते. ती 14 अंशांवर नेण्याची पद्धत आहे, तसे केले असेल तर वरच्या दर्जाचेच पेट्रोल भरावे, कारण ठोका पडू लागला तर इंजिन स्वतःहून सावरणार नाही. अमेरिकन पंपावरचे 87 आणि भारतात पूर्वी साध्या पेट्रोलला असलेले 91 हे ऑक्टेनचे आकडे मोजण्याच्या वेगळ्या पद्धतींमुळे भिन्न दिसतात; प्रत्यक्षात त्यांचा दर्जा जवळपास सारखाच.

शेवटचा फेरा हळू घ्यावा आणि आल्या आल्या इंजिन बंद न करता दोन मिनिटे चालू ठेवावे. टर्बो असेल तर ही दोन मिनिटे सक्तीचीच समजावीत, नाहीतर तिच्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होते. ट्रॅकवर वापरलेले तेल दोन-तीन दिवसांच्या वापरानंतर, किलोमीटर कितीही झालेले असोत, बदलावे. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून आतला कागद उन्हात उलगडून पाहावा. काळपट गाळ नेहमीचाच. पण तांब्याच्या छटेची चमक दिसली तर रॉड बेअरिंगचा वरचा थर झिजून गेलेला आहे. या गाडीत ऑइल पॅन काढण्यासाठी इंजिन उचलावे किंवा पुढची सबफ्रेम (इंजिनाखालची आधाराची चौकट) खाली घ्यावी लागते, म्हणून मेकॅनिक हे काम पुढे ढकलू पाहतात. तरी ते तेव्हाच करून घ्यावे, कारण त्या टप्प्यावर बेअरिंगचा संच बदलून भागते आणि आणखी एक ट्रॅक दिवस काढला तर क्रँकशाफ्टही त्यासोबत जातो.