चेनसॉने ओंडके फाडताना या चुका टाळा

पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांसारखी मोठी झाडे उन्मळून पडतात आणि त्यांचे जाड, सरळ बुंधे बहुधा तुकडे होऊन जळणाला जातात. सुतारकामाचा छंद असलेल्या माणसाला ते पाहवत नाही. चेनसॉच्या बारवर (साखळी जिच्याभोवती फिरते त्या लांब पात्यावर) बसणारी आणि फळीची जाडी ठरवून देणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट, म्हणजेच चेनसॉ मिल, आता सहज मिळत असल्याने मुळशी, भोर किंवा सासवडच्या बाजूला थोडी जागा असलेले अनेक हौशी लोक स्वतःच ओंडके फाडू लागले आहेत. हा उद्योग मनापासून करावा असाच आहे. परंतु यंत्राच्या चुका कानस आणि पाना घेऊन दुरुस्त करता येतात. चुकीचा ओंडका निवडल्यामुळे किंवा फळ्या चुकीच्या पद्धतीने सुकवल्यामुळे झालेले नुकसान मात्र कशानेही भरून येत नाही. म्हणून पुढील विवेचनात यंत्राइतकाच भर ओंडक्यावर आणि सुकवणीवर दिला आहे.

पडलेले झाड बेवारस समजणे

रस्त्यावर पडलेले झाड महापालिकेचे असते आणि खासगी आवारातील झाड तोडण्यासाठीही 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. गावाकडून शहरात लाकूड आणायचे असेल, तर अनेक जातींसाठी वनविभागाचा वाहतूक परवाना आवश्यक असतो. ट्रक किंवा टेम्पो ठरवण्याआधी त्या भागातील वनपरिक्षेत्र कार्यालयात जातीचे नाव सांगून चौकशी करावी आणि मिळालेला कागद लाकूड घरात असेपर्यंत जपून ठेवावा.

ओंडका न वाचता करवत लावणे

शहरातील झाडाच्या खोडात काय काय असते, याची कल्पना फाडायला बसल्यावरच येते. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, रोषणाईच्या तारा, दोरी बांधण्यासाठी ठोकलेले हूक हे सारे झाड वर्षानुवर्षे आपल्या आत घेत जाते आणि बाहेरून खूणही उरत नाही. एक खूण मात्र विश्वासार्ह आहे. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग दिसला, तर लोखंड जवळच आहे असे समजावे, कारण लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने हा रंग येतो आणि तो धाग्याच्या दिशेने खिळ्याच्या वर-खाली बराच लांब पसरतो. अशा वेळी हातात धरायचा धातुशोधक सालीवरून सावकाश फिरवावा, संशयाची जागा खडूने आखावी आणि छिन्नीने खिळा काढावा. तो खोल असेल, तर तेवढा तुकडा सोडून द्यावा. एका खिळ्याने साखळीचे सर्व दात बोथट होतात आणि दुसऱ्या बाजूने उडालेला तुकडा डोळ्यांपर्यंत येऊ शकतो.

मातीचेही तसेच आहे. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत मुरूम आणि बारीक खडे अडकलेले असतात, म्हणून साल कुऱ्हाडीने किंवा कोयत्याने काढून टाकावी; निदान घासून धुऊन घ्यावी.

जातीचा विचार न करता मिळेल तो ओंडका फाडणे ही सर्वांत महागडी चूक आहे, असे माझे मत आहे. पर्जन्यवृक्षाचे लाकूड सुकताना तुलनेने कमी आक्रसते, त्याचा गडद गाभा सुंदर दिसतो आणि जाड फळीही फारशी तडकत नाही, त्यामुळे पहिल्या प्रयत्नासाठी तो उत्तम. निलगिरीच्या खोडात वाढतानाचा ताण साठलेला असतो. करवत पुढे जाताच फळी वाकू लागते आणि बार चिमटला जातो, त्यामुळे नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आंब्याचे लाकूड फाडायला सोपे आहे, पण ओंडका पावसाळ्यात काही आठवडे पडून राहिला, तर बुरशीने निळे-करडे पट्टे पडतात. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि किडीला लवकर बळी पडणारे असल्याने त्यावर इंधन घालवू नये. फांद्यांचे लाकूड कितीही जाड असले, तरी वाकडे वाढताना त्यात ताण आलेला असतो आणि त्याची फळी सुकताना पिळते.

आडव्या कापाची साखळी तशीच वापरणे

चेनसॉसोबत येणारी साखळी झाड आडवे कापण्यासाठी घासलेली असते आणि तिच्या दातांच्या वरच्या कडेचा कोन साधारण 25 ते 30 अंश असतो. ओंडका फाडताना दात सतत धाग्यांच्या टोकांवर चालतो आणि तेथे सुमारे 10 अंशांचा कोन अधिक गुळगुळीत पृष्ठभाग देतो, शिवाय धारही जास्त टिकते. फाडण्याची वेगळी साखळी घ्यावी किंवा जुनीच साखळी हळूहळू त्या कोनावर आणावी.

यंत्राची ताकद हा दुसरा प्रश्न. 50 ते 58 सीसीची स्वस्त यंत्रे छाटणीसाठी ठीक असली, तरी 25-30 सेंटीमीटरपेक्षा रुंद ओंडक्यात ती लवकर तापतात. अर्धा मीटर रुंदीसाठी 60-70 सीसी आणि त्याहून मोठ्या बुंध्यासाठी सुमारे 90 सीसी हवे. फाडताना इंजिन मिनिटामागून मिनिटे पूर्ण वेगाने आणि पूर्ण भाराखाली चालते, त्यामुळे हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडेही कमी पडले, तर पिस्टन जाम होतो. जाणकार मेकॅनिककडून कार्ब्युरेटर किंचित जास्त पेट्रोल येईल असा लावून घ्यावा, पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे (50:1 असेल तर लिटरला 20 मिलीलिटर) आणि काप संपल्यावर यंत्र एकदम बंद न करता मिनिटभर मंद चालू द्यावे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर अनेक चेनसॉच्या पुस्तिका 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. म्हणून आपली पुस्तिका वाचावी आणि मिश्रण टाकीत कधीही आठवडाभर पडू देऊ नये, कारण इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते.

पहिला काप घाईने घेणे

मिल मागच्या सपाट पृष्ठभागाची नक्कल करत पुढे जाते, म्हणून पहिल्या कापातील दोष शेवटच्या फळीपर्यंत उतरतो. अ‍ॅल्युमिनियमची सरळ शिडी किंवा दोन रंधलेल्या, ताठ पट्ट्या ओंडक्यावर स्क्रूने बसवून त्या दोन्ही टोकांना पाणसळीने जुळवाव्यात आणि मधे झोल पडू नये म्हणून खाली ठोकळे द्यावेत. स्क्रू किती खोल गेले आहेत हे मोजून पाहावे, कारण ते कापाच्या रेषेत आले, तर साखळी आणि माणूस दोघांनाही धोका असतो. ओंडका पुढच्या बाजूला किंचित उताराने ठेवला, तर मिल आपल्या वजनाने सरकते आणि कमरेवरचा ताण कमी होतो. बारच्या मागे दर अर्ध्या मीटरवर लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर सरकवावी. लोखंडी पाचर कधीही वापरू नये.

खोडाच्या मध्यातून जाणारी मज्जा फळीच्या मधोमध ठेवली, तर ती फळी सुकताना हमखास चिरते. कापांची आखणी अशी करावी की मज्जा एकाच जाड तुकड्यात राहील आणि तो तुकडा पाय किंवा ठोकळे करण्यासाठी बाजूला काढता येईल.

बिघाडाची लक्षणे

भुसा रव्यासारखा दाणेदार पडत असेल, तर धार चांगली आहे. तो मैद्यासारखा पडू लागला, तर जोर लावणे थांबवून कानस हाती घ्यावी. इंधनाच्या प्रत्येक टाकीनंतर सर्व दातांना सारखेच हात मारावेत. धार करूनही काप पुढे सरकत नसेल, तर दातापुढील डेप्थ गेज (दात लाकडात किती खोल जाईल हे ठरवणारे टोक) तपासावे, कारण ते दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिलीमीटर खाली असावे लागते. बार एका बाजूला वर चढत असेल किंवा खाली बुडत असेल, तर एका बाजूचे दात लांब राहिले आहेत किंवा बारची खाच झिजली आहे. फळी मधेच जाड-पातळ येत असेल, तर बोथट साखळीवर दाब दिल्याने रुंद कापात बार वाकला आहे. फळीवरील बारीक आडव्या रेषा मात्र थांबत-थांबत चालवल्यामुळे येतात आणि रंध्याने जातात.

चेनसॉचा आवाज सुमारे 110 डेसिबलपर्यंत जातो, त्यामुळे कानांचे संरक्षण, चष्मा, मास्क आणि मांड्यांवर चेनसॉसाठीचे संरक्षक आच्छादन यांशिवाय काम करू नये. धूर साचणाऱ्या बंदिस्त आवारात आणि एकट्याने तर मुळीच नाही.

फळ्या उन्हात सोडणे

येथे पुण्याचे हवामान निर्णायक ठरते. सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असताना लाकूड साधारण 15-16 टक्के ओलावा धरते आणि ती 40 टक्क्यांवर आली की 7-8 टक्के. म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस फाडलेली फळी हिवाळ्यात हळूहळू सुकते आणि एप्रिलच्या कडक हवेला पोचेपर्यंत तिच्यातील बहुतेक पाणी गेलेले असते. मार्चमध्ये फाडलेली ओली फळी मात्र बाहेरून भराभर सुकते, आत ओली राहते आणि तडकते. पाऊस असला तरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फाडलेलेच बरे, असे मी ठामपणे सांगेन.

ओंडका कापला त्याच दिवशी टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट लावावा. फळ्या अंतिम जाडीपेक्षा जास्त काढाव्यात. 25 मिलीमीटरची हवी असेल, तर निदान 32. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट आधारावर फळ्या रचताना मधल्या आडव्या पट्ट्या कोरड्या, एकाच जाडीच्या आणि 40 सेंटीमीटर अंतरावर असाव्यात. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या अगदी वर यायला हवी. ती दोन बोटे सरकली, तरी त्या जागी फळीला कायमचा बाक येतो. वरून पत्र्याचे छप्पर आणि वजन द्यावे, पण ताडपत्रीने गुंडाळू नये, कारण आत वाफ धरून बुरशी येते. बाहेरील पांढऱ्या लाकडातील पिष्टामुळे पावडर करणारा भुंगा तेथे आधी लागतो, म्हणून फळ्या ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाचा हात द्यावा; ओल्या लाकडात ते आतवर मुरते.

एका इंचाला एक वर्ष हा अंदाज धरावा, पण त्यावर विसंबू नये. एक फळी निवडून दर आठवड्याला तिचे वजन करावे आणि ते सलग काही आठवडे उतरत नसेल, तेव्हाच फळी घरात घ्यावी. टेबल ज्या खोलीत राहणार आहे, त्याच खोलीत फळ्या आणखी तीन-चार आठवडे पट्ट्यांवर ठेवून मगच रंधा मारावा.