जुन्या जीपला डिस्क ब्रेक बसवायचे तर

कन्नडचा औट्रम घाट चाळीसगावकडे उतरताना माझ्या जीपचं ब्रेक पेडल एकदा फळीला टेकलं. मागे मक्याची पोती होती. आधीच्या वळणावर जळका वास आला होता, तो मी पुढच्या ट्रकच्या नावावर खपवला. मग पेडल मऊ लागलं आणि त्यानंतरच्या दाबाला सरळ खाली गेलं. दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून वाचलो. डोंगराच्या अंगाला चाक घासत गाडी उभी केली. घरी आल्यावर पहिला विचार तोच आला जो सगळ्यांना येतो: पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेऊ.

बसवले. पण त्याआधी जे केलं, त्यानेच निम्मं काम झालं होतं.

घाटात ब्रेकवर किती भार येतो त्याचा साधा हिशेब आहे. २०० मीटर खोल उतरताना जी ऊर्जा मुरवावी लागते, ती ताशी ६० किमीवरून गाडी चौदा वेळा पूर्ण उभी करण्याइतकी असते. गाडी रिकामी असो की भरलेली, हा चौदाचा आकडा बदलत नाही. यातलं जे इंजिन आणि वारा झेलत नाही, ते सगळं ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातं. जुन्या ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारा ड्रम असतो. तो तापला की पसरतो, त्याला आतून घासणाऱ्या शूपासून लांब जातो, शूवरच्या लायनरची पकड ढिली पडते. वर जुनं ब्रेक ऑइल असेल तर विचारूच नका. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडा असताना निदान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. माझं पेडल खाली गेलं ते यामुळे.

त्यात बऱ्याच जणांनी जीपला मोठे टायर चढवलेले असतात. २८ इंचांचं चाक ३१ इंचांचं केलं की तोच ब्रेक जमिनीवर सुमारे दहा टक्के कमी जोर लावतो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आधी आहे ते ड्रम नीट करा

चारही चाकं उतरवा, गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडची काळी माती ड्रममध्ये शिरली की वाळून सिमेंटसारखी बसते, ती लाकडाच्या पट्टीने खरवडा.

ड्रमला आतून बोट फिरवा. धार लागली किंवा चर दिसले तर लेथवर टर्निंग मारून घ्या, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल मापाच्या पुढे नाही. तिथे नवा ड्रमच. एका बाजूच्या ड्रमला टर्निंग मारलं तर दुसऱ्यालाही मारा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. शू ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलेंडरचं रबर उचलून बघा. आत ओल असेल तर किट बदला, सिलेंडरला आतून खड्डे असतील तर सिलेंडरच बदला. हे भाग डिझेलने धुवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. डिझेलने रबर फुगतं आणि महिन्याभरात ब्रेक धरून बसतो. ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा. मागच्या चाकाच्या लायनरला ग्रीस लागलेलं दिसलं तर अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलंय; लायनर बदलून ते सुधारणार नाही.

शूची अ‍ॅडजस्टमेंट अशी: चाक फिरेनासं होईपर्यंत आवळा, मग किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत ढिलं करा. एवढं करून ब्रेकच्या पाइपातली हवा काढली की बऱ्याच जीपा बऱ्यापैकी थांबायला लागतात. फक्त शेतापर्यंत आणि तालुक्याच्या बाजारापर्यंत गाडी नेत असाल, तर माझं मत विचाराल तर इथेच थांबा आणि पैसे टायरला लावा.

मास्टर सिलेंडर

पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलतो तो मास्टर सिलेंडर. जुन्या सीजे-३बी सारख्या जीपांना तो पायाखालच्या फळीखाली, चॅसीला असतो, आणि तो एकेरी. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. गॅरेजवर लोक आधी डिस्कचं बोलतात, मी आधी दुहेरी मास्टर सिलेंडर घ्या म्हणेन. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचं ऑइल वेगळं राहतं. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते.

बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, मात्र नीट निवडा. २५.४ मिमीऐवजी २२.२ मिमीचा बोअर घेतला तर पायाच्या त्याच जोराला सुमारे तीस टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडल तेवढंच जास्त खाली जातं. उलट डिस्कच्या कॅलिपरला (फिरत्या डिस्कला पॅडने चिमटीत धरणारा भाग) ड्रमपेक्षा जास्त ऑइल ढकलावं लागतं. म्हणून ज्या गाडीचा कॅलिपर, त्याच गाडीचा मास्टर सिलेंडर आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असा जोड घेतला तर डोकेदुखी कमी. शिवाय पेडलच्या दांड्याला मास्टर सिलेंडरपाशी साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. ती नसेल तर ऑइल परत येत नाही आणि ब्रेक हळूहळू आपोआप जाम होतो.

पुढे डिस्क

कॅलिपर आणि पॅड अशा गाडीचे घ्या जिचे सुटे भाग तालुक्याला मिळतात. गावोगाव चालणाऱ्या बोलेरोचे पॅड रात्री आठलाही सापडतात. परदेशी सेट दिसायला झकास असतो, पण पॅड झिजले की पार्सलची वाट बघत जीप महिनाभर अंगणात.

खरेदीआधी दोन मापं घ्या. हबवर डिस्क बसते का, आणि तुमच्या रिमच्या आत कॅलिपर मावतो का. पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून रिममध्ये फिरवून बघितलं तरी कळतं. कॅलिपरचा ब्रॅकेट हा सगळ्या कामाचा जीव. गाडी थांबवायचा पूर्ण जोर त्याच्यावर येतो, त्यामुळे तो जाड पट्टीचा, लेथवर नेमका कापलेला हवा, आणि बोल्ट १०.९ ग्रेडचे. नकलला (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याला) गॅस वेल्डिंगने तुकडा चिकटवून देणारे मेस्त्री मी पाहिलेत. तिथून गाडी घेऊन निघा.

कॅलिपर बसवताना हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, हवा वर अडकते आणि दिवसभर पंपिंग मारूनही पेडल मऊच राहतं.

अजून एक, जे फार जणांना माहीत नसतं. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये पाइपात थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण १० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप). डिस्कच्या लाइनला तो राहिला तर पॅड कायम घासतात. तो काढा. पण मास्टर सिलेंडर फळीखालीच असेल तर ऑइल कॅलिपरकडून उलटं उतरतं, तिथे डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो.

मागे ड्रमच ठेवा. उतारावर वजन पुढे झुकतं, रिकाम्या जीपची मागची चाकं आधी जाम होतात, आणि पावसाळ्यात चिकट मातीवर गाडी बूड फिरवते. मागच्या लाइनला दाब कमी करणारा अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह बसवा. तुमच्या जीपचा हँडब्रेक गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असेल तर तो चालत्या गाडीत ओढायचा नाही, फक्त उभ्या गाडीला.

बूस्टर आणि पाइप

डिस्क बिनबूस्टरची चालते, पण पायाला जड. पेट्रोल इंजिनात बूस्टरला लागणारी हवेची ओढ (व्हॅक्यूम) मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून, मिळते. जुन्या डिझेलमध्ये ती नसते. वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला. बूस्टर तपासायची रीत: इंजिन बंद करून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, मग पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चालू आहे.

पाइप ब्रेकचाच स्टीलचा घ्या, टोकं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे पसरवून दुहेरी दुमडलेली. साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा, पण कंपनाने तडकतो. चाकाजवळचे रबरी होज स्टिअरिंग पूर्ण फिरवून आणि चाक पूर्ण लोंबकळवून तपासा. ताणले गेले तर लांब घ्या.

हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. नवा सीलबंद डबा वापरा. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा भंगारात टाका. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

कागदाचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल चालत नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा तपासणी होते. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा.

पहिला फेरा

मोकळ्या शिवार रस्त्यावर ताशी २० किमीने सुरू करा. दोन्ही हात स्टिअरिंगवर सैल ठेवून ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे. मग पॅड बसवायला ताशी ५० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा दाबा, मध्ये गाडी चालू ठेवून गार होऊ द्या. ओढा ओलांडलात तर पलीकडे निघाल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून शंभरेक मीटर जा. मागचे ड्रम ओले राहतात.

दहा किलोमीटर चालवून उतरा आणि चारही चाकांच्या हबजवळ हात न टेकवता ऊब बघा. पुढची दोन जास्त गरम असणारच, पण डावी-उजवी सारखी हवीत. एकच चाक तापलं असेल तर त्याचा कॅलिपर किंवा शू मोकळा सुटत नाहीये. घाटाचा विचार करण्याआधी ते चाक परत खोला.