चिनी थडग्यातला हत्ती बुद्धाचा आहे का, कसं ओळखायचं

अजिंठा बघून आलं की आपल्याकडच्या माणसाला एक खोड लागते, कुठंबी हत्ती दिसला की बुद्धाचाच. मी पण चीनच्या हान घराण्याच्या काळातल्या (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) थडग्यांच्या कोरीव दगडांचे फोटो मोबाईलवर बघताना हेच करायचो आणि तोंडावर पडायचो.

आधी बघा फोटो दगडाचा आहे का ठशाचा. दगडावर पातळ ओला कागद दाबून बसवतात, जरा सुकला की वरून शाईचा बोळा थापतात, म्हणजे उठावाचा भाग काळा आणि खोलगट पांढरा येतो. त्यामुळं ठशात पांढरा हत्ती दिसला की लगेच मायादेवीचं, म्हणजे बुद्धाच्या आईचं पांढऱ्या हत्तीचं स्वप्न आठवू नका, तिथं नुसती शाई लागलेली नाही राव.

मग सुळे मोजा, खरंच झूम करून मोजा. शांदोंग प्रांतातल्या तंगशियानच्या एका दगडावर सहा सुळ्यांचे हत्ती आहेत. असा हत्ती कुठल्याच जंगलात नसतो, तो गोष्टीतूनच येतो, आणि ती गोष्ट आपल्या अजिंठ्याच्या 10 नंबरच्या लेणीत भिंतीवर रंगवलीय, छद्दंत जातक, म्हणजे बुद्ध मागच्या एका जन्मी सहा सुळ्यांचा हत्ती होता ती.

दोनच सुळे असले तर पाठीवर कोण बसलंय ते बघा. अंकुशवाला माहूत असला तर नुसती परदेशी जनावराची नवलाई पण असू शकते. इनर मंगोलियात हेलिंगरच्या थडग्यात कोरीव नाही पण रंगवलेलं चित्र आहे, शेजारी चक्क लिहिलंय की हा पांढऱ्या हत्तीवरचा अमर सिद्ध (चिनी लोकांच्या श्रद्धेतला, कधी न मरणारा). म्हणजे हत्ती बुद्धाकडचा आणि नाव तिथल्या सिद्धाचं! तेव्हा तिकडं बऱ्याच लोकांना बुद्ध पण तसलाच एखादा अमर देव वाटायचा, म्हणून हे का ते असा हट्ट धरू नका.

ड्रॅगन, वाघ, लाल पक्षी, साप गुंडाळलेलं कासव हे सोडूनच द्या, त्या पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर दिशा आहेत, बुद्धाशी संबंध नाही. हरणावर तर सिद्धच फिरायलेत, मधी चक्र आणि दोन्हीकडं हरीण असलं तरच सारनाथ, म्हणजे बुद्धाचं पहिलं प्रवचन म्हणा. सिंहाला पण घाई नको, वू घराण्याच्या स्मशानातले इ.स. 147 चे सिंह 40,000 नाण्यांत करून घेतल्याचं तिथंच कोरलंय, ते राखणदार.

तरी अडलात तर जनावर सोडा आणि आजूबाजूला माणूस शोधा. सिचुआनमधल्या माहाओच्या थडग्यात दारावर बसलेली मूर्ती आहे, डोक्यामागं प्रभावळ, उजवा हात अभयमुद्रेत. असं कोणी शेजारी असलं तर मग हत्तीवर बिनधास्त बोट ठेवा.