आखणीच्या टेबलासाठी एलईडी लाईट: आधी काय काय जमवून ठेवायचं

आमच्या मामाचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, सीझनला डोळ्यांची आखणी रात्री उशिरापर्यंत चालते, त्यासाठी मी घरीच ५० वॅटच्या सीओबी एलईडीचा (एकाच प्लेटवर खूप बारीक एलईडी दाटीने बसवलेली चिप) लाईट बनवून दिलाय आणि आता दुसरा करायचाय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

पहिला हीटसिंक (चिपची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) घ्या, एलईडी नंतर. बरेच जण आधी चिप आणतात आणि मग घरात पडलेला अॅल्युमिनियमचा तुकडा शोधत बसतात. चिपला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त तर उष्णताच होते, ती मागच्या प्लेटमधूनच काढावी लागते. मी ५० वॅटची चिप मुद्दाम १ अँपिअरवरच चालवतो, म्हणजे साधारण ३२ वॅट, त्यातली २२ वॅट उष्णता धरली, कारखान्यात ३५ डिग्री आणि हीटसिंक ६० च्या वर जाऊ द्यायचा नाही, तर २५ भागिले २२, म्हणजे उष्णतेच्या दर वॅटमागे १.१ डिग्री किंवा त्याहून कमी तापणारा हीटसिंक पाहिजे. भंगारात जुन्या अॅम्प्लिफायरचा मोठा, लांब लांब फिन्सवाला (फिन्स म्हणजे हवा लागायला काढलेल्या पातळ पट्ट्या) मिळाला तर सोडू नका. कॉम्प्युटरच्या कूलरच्या फिन्स इतक्या दाट असतात की फॅनशिवाय त्यातून हवाच फिरत नाही, आणि फॅन मला नकोच आहे, कारण पहिल्या वेळी तोच लावला होता, मूर्ती घासतानाची पांढरी धूळ त्यात बसत गेली, एका रात्री फॅन जाम झाला आणि सकाळी बघतो तर चिपच्या पिवळ्या भागात मधोमध काळा डाग. ऐन सीझनमध्ये मामाची एक रात्र वाया गेली, फार वाईट वाटलं.

चिप घेताना सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचीच मागा, नाहीतर पितांबराचा पिवळा आणि अंगाचा रंग रात्री वेगळा आणि सकाळी वेगळा दिसतो. ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज देणारा सप्लाय, कॉन्स्टंट करंटचाच (करंट सारखा ठेवणारा), १ अँपिअर, ३० ते ३६ व्होल्टचा, आयसोलेटेड (आउटपुट २३० व्होल्टच्या लाईनपासून वेगळं ठेवणारा). चिप तापली की तिचं व्होल्टेज उतरतं, साध्या व्होल्टेज सप्लायवर मग करंट वाढत जातो, त्याने ती अजून तापते. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या डीओबी प्लेट (ड्रायव्हर प्लेटवरच असलेल्या) स्वस्त मिळतात, पण ओल्या हाताने काम चालतं तिथे त्या अजिबात नकोत.

बाकी सामान म्हणजे थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधली फट भरून उष्णता पुढे नेणारी), एम३ चा टॅप (भोकात आटे पाडायचा) आणि स्क्रू, ड्रिलला लावायला थोडं रॉकेल, ४०० आणि ८०० चा पॉलिशपेपर, नॉर्मली क्लोज्ड थर्मल स्विच, म्हणजे एरवी चालू आणि ७० डिग्रीला लाईन तोडणारा (तो ड्रायव्हरच्या २३० व्होल्टच्या लाईनमध्ये), थ्री पिन वायर. हीटसिंकला अर्थिंग द्यायचंच.

चिप बसते ती जागा काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट घासा. वायरी आधी सोल्डर करा, चिप हीटसिंकवर बसवल्यावर सोल्डरिंग गनची सगळी गरमी हीटसिंक ओढून घेतो आणि टाका धरतच नाही. पेस्ट अगदी पातळ, खालचा धातू पुसट दिसेल इतकीच, जाड थर दिला तर तीच गरमी अडवते. पिवळ्या भागावर बोट दाबू नका, स्क्रू कर्णात थोडे थोडे आवळा, मग मल्टिमीटरने टर्मिनल आणि हीटसिंकमध्ये कंटिन्युइटी (वीज जायचा जोड) नाही ना ते बघा. आणि ड्रायव्हर चालू असताना चिप कधीच जोडायची नाही, त्यात साठलेलं जास्तीचं व्होल्टेज एका झटक्यात चिप उडवतं.

पहिला एक तास समोर बसून चालवायचा. टेंपरेचर गनने चकचकीत अॅल्युमिनियमचं रीडिंग कमी येतं, म्हणून हीटसिंकवर काळी टेप चिकटवून त्या टेपवर मोजा. टांगताना फिन्स उभ्या, म्हणजे गरम हवा सरळ वर निघून जाते, आणि शेजारी एक कोरडा ब्रश लटकवून ठेवा, मामा रोज सकाळी लाईट लावायच्या आधी त्यानेच फिन्समधली धूळ झाडतो.