घरातल्या कर्जाचा हिशेब ओसरीवर कसा मांडावा

कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू घरात बाप कृषी केंद्राची उधारी सांगत नाही, आई बचत गटातून उचललेले पैसे सांगत नाही आणि मुलगा मोटारसायकलचा थकलेला हप्ता सांगत नाही. दुसऱ्याला घोर नको म्हणून प्रत्येक जण गप्प राहतो आणि मग एखाद्या दिवशी वसुलीवाला दारात उभा राहिला की सगळे एकदमच बाहेर पडते. आमच्याही घरी हे झाले आहे, म्हणून हे कळकळीने लिहितो.

हिशेबाला बसण्याची उत्तम वेळ म्हणजे शेवटच्या वेचणीचा चुकारा हाती आल्यानंतरची आणि गुढीपाडव्यापूर्वीची, कारण सालदार, म्हणजे वर्षभरासाठीचा गडी, ठेवायचा की नाही, मक्त्याने, म्हणजे ठरावीक पैसे देऊन दुसऱ्याचे वावर करायचे की नाही, हे पाडव्याच्या सुमारास ठरते आणि एकदा शब्द दिला की मागे फिरता येत नाही. जेवणाच्या ताटावर किंवा कोणी पिऊन आलेले असताना हा विषय मुळीच काढू नये.

पहिल्या बैठकीत फक्त 'किती' हे विचारावे, 'कशाला' हे विचारू नये. सगळ्या पद्धतीत मला हाच नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण 'कशाला घेतले?' असे ऐकताच माणूस उरलेले आकडे गिळून टाकतो. मुलाने सुरुवात करावी आणि आधी स्वतःची थकबाकी सांगून मगच म्हणावे, "बाबा, औंदा कोणाचं किती द्याचं हाये, तेवढंच सांगा." वही सुनेच्या हाती द्यावी. सासऱ्यासमोर ती एरवी बोलत नाही, पण लिहिणाऱ्याला आकडा पुन्हा विचारावाच लागतो आणि त्या निमित्ताने तिचा आवाज बैठकीत येतो.

बँक, सोसायटी, कृषी केंद्र, बचत गट, नातेवाईक आणि सावकार अशा प्रत्येकाचे मुद्दल, व्याज, मुदत आणि तारण लिहावे. सावकाराच्या बाबतीत तारण म्हणून वावराचे खरेदीखत करून दिले आहे का, हे शांतपणे पण नक्की विचारावे. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि अशा व्यवहारात गेलेल्या जमिनीबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. ही वाट घराला धरता यायची तर खरेदीखत आधी घरात उघड व्हायला हवे.

आकडा ऐकून कोणी अगदीच अबोल झाले, झोप उडाली किंवा निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर हिशेब तिथेच थांबवावा, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि फवारणीचे औषध त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात हलवून किल्ली दुसऱ्याकडे ठेवावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. घरच्यांनीही फोन करून विचारावे, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी बैठक चार-आठ दिवसांनी घ्यावी. तोवर राग निवलेला असतो. 'कशाला' हा प्रश्न तेव्हा विचारावा, जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडण्याचे ठरवावे आणि लग्न, बोअर किंवा नवी गाडी यांपैकी औंदा काय पुढे ढकलायचे, हे म्हाताऱ्यांसह सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्यावे. वही मात्र बापाच्या पेटीत जाऊ देऊ नये. ती सर्वांचा हात पोहोचेल अशा फळीवर राहावी.