माहितीपटांतून इतर संस्कृती शिकवताय? या चुका टाळा

होमस्कूलिंगमध्ये एखाद्या देशाचा विषय निघाला की माहितीपट लावणं सगळ्यांत सोपं. मुलं खिळून बघतात. पण नंतर काय कळलं विचारलं की उत्तर येतं, "तिकडचे लोक बर्फाच्या घरात राहतात." असं वाक्य ऐकू आलं की समजा, मुलाने एक माणूस पाहिला आणि अख्खा समाज पाहिल्यासारखं मानलं. बहुतेक वेळा ही चूक दाखवणाऱ्याची असते.

माहितीपट म्हणजे खरं आणि चित्रपट म्हणजे रचलेलं, हा समज सगळ्यांत महागात पडतो. १९२२ चा रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' घ्या. उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांवरचा हा गाजलेला माहितीपट. त्यातल्या 'नानूक'चं खरं नाव अलाकारिआल्लाक होतं आणि पडद्यावरची त्याची बायको त्याची नव्हती. तोवर तिथे बंदुका आल्या होत्या, तरी शिकार जुन्या पद्धतीनं करून दाखवायला सांगितली गेली. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून एक बाजू उघडी असलेलं घर बांधलं. ग्रामोफोनची तबकडी चावून बघण्याचा प्रसंगही मुद्दाम घडवलेला. म्हणून तो दाखवूच नये असं मी म्हणणार नाही. उलट जरूर दाखवा, आणि मुलांना विचारा: "घरातलं हे चित्रीकरण करताना कॅमेरा कुठे ठेवला असेल?" दहा-बारा वर्षांची मुलं या प्रश्नावर तासभर वाद घालू शकतात, आणि एवढी करमणूक कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नसते.

त्याच्या जोडीला इनुइटांनी स्वतः केलेलं काम ठेवा. झकारियास कुनुक यांचा २००१ चा 'अतानारजुआत' पूर्णपणे इनुक्टिटुट भाषेत आहे. तो माहितीपट नाही, जुन्या दंतकथेवरचा चित्रपट आहे, तरीही त्या समाजाच्या नात्यांबद्दल, रागलोभाबद्दल तो बरंच जास्त सांगून जातो. मात्र त्यात हिंसा आणि नग्नता आहे, म्हणून तो मोठ्या मुलांसाठीच. 'संस्कृतीविषयक' असं लिहिलं म्हणजे मुलांना चालेल असं गृहीत धरू नका. आधी स्वतः पूर्ण बघा. ट्रेलरवर भागवू नका.

दुसरी चूक म्हणजे वर्ष न पाहणं. हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' (२०१२) ही रियाधमधल्या सायकल हवी असलेल्या मुलीची गोष्ट. पूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला हा पहिला कथापट. बाहेर पुरुष सहकाऱ्यांमध्ये उघडपणे वावरणं शक्य नसे, तिथे दिग्दर्शिकेला गाडीत बसून वॉकी-टॉकीवरून सूचना द्याव्या लागल्या. त्या वेळी देशात चित्रपटगृहं बंद होती आणि बायकांना गाडी चालवायला बंदी होती. २०१८ मध्ये दोन्ही बंद्या उठल्या. हे न सांगता चित्रपट दाखवला तर मुलाच्या डोक्यात तो देश २०१२ मध्येच थांबतो. चित्रपट कोणत्या वर्षीचा, तेव्हा तिथे काय चालू होतं, नंतर काय बदललं, हे त्याच दिवशी बोलून घ्या.

डबिंग की सबटायटल्स? माझं मत सबटायटल्सच. भाषेची लय कानावर पडणं हासुद्धा अभ्यासच आहे. लहान मुलांना तेवढ्या वेगाने वाचता येत नसेल, तर तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवा, किंवा फक्त दोन-तीन प्रसंग निवडा.

नकाशा समोर असू द्या, बाकी साहित्याचं फार अवडंबर नको.

बघून झाल्यावर लगेच दहा प्रश्नांचा कागद पुढे करणं टाळा. "यात कोण बोललं आणि कोण बोललंच नाही?" एवढं विचारा. बऱ्याच माहितीपटांत निवेदक सगळं सांगतो आणि तिथली माणसं नुसती काम करताना दिसतात; मुलांना हे सहज पकडता येतं, कुणीतरी त्यांना तसं बघायला शिकवलं तर.

आणि मूल मध्येच कंटाळलं तर बंद करा. राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी बघता येतो.