खाज परत आली? तिसरी ट्यूब घ्यायच्या आधी शुगर बघा

आमच्या स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये मी त्या वर्षी तिसऱ्यांदा उभी होते आणि नेमके काउंटरवर दोन पुरुष बीपीच्या गोळ्या घेत होते, म्हणून मी आधी क्रोसिन मागितली, मग व्हिक्स, आणि ते गेल्यावर हळूच म्हटलं, दादा ती मागच्या वेळची ट्यूब द्या ना. पोराने काही न विचारता दिली, पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी. घरी आले, योनीच्या खाजेवर लावली, चार दिवसांत आराम.

जानेवारीत एकदा, मेमध्ये एकदा आणि मग ऐन पावसात. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं, घाम, नवीन साबण, ट्रेनमधून भिजून आले ते कपडे तसेच ऑफिसात आठ तास. शेवटी गायनॅककडे गेले तर तिने तपासायच्या आधीच विचारलं, घरात कोणाला शुगर आहे का? आईला आहे, मामाला होती. एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, आला ७.९. मी तेव्हा ४१ वर्षांची, ना जास्त तहान ना काही, वजनही बेताचंच. मला फक्त खाज होती, यीस्टच्या म्हणजे एका बुरशीच्या इन्फेक्शनची.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण तेव्हापासून जे विचारून विचारून कळलं ते एका जागी लिहून ठेवते, कारण आपल्याकडे या विषयावर बायका आईशीपण बोलत नाहीत.

आधी हे समजून घ्या की यीस्ट कुठून बाहेरून येत नाही. पाव फुगवायला जे यीस्ट लागतं त्याचाच लांबचा भाऊबंद, कॅन्डिडा नावाचा, आपल्या तोंडात, आतड्यात, योनीत थोडा थोडा असतोच. तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून होत नाही आणि नवरा बाहेर काही करतो म्हणून तर नाहीच नाही, या एका गैरसमजावरून घरात भांडणं झालेली मी पाहिलीयत. इडलीच्या पिठाला जशी ऊब आणि खायला मिळालं की ते वर येतं, तसंच याचं आहे. रक्तातली साखर वाढली की अंगातल्या स्रावांमध्येपण साखर वाढते, आणि रक्तातली साधारण १८० च्या वर गेली की किडनीला सगळी परत ओढून घेता येत नाही, मग ती लघवीतून जायला लागते. म्हणजे जिथे आधीच ऊब आणि ओल आहे तिथेच दिवसातून सहा वेळा साखरेचं पाणी. त्यात साखर जास्त असली की इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीपण सुस्तावतात. आता ट्यूब वरचं यीस्ट मारते, पण खालून रेशन चालूच आहे, मग ते परत का नाही येणार?

आता करायचं काय. सगळ्यात आधी हे यीस्टच आहे का ते बघा. अंगावरून दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जातंय, खूप खाज, लघवी लागली की बाहेरून चरचरतं, आणि वास फारसा नाही, तर बहुतेक यीस्ट. माशासारखा वास येतोय, रंग राखाडी किंवा हिरवट आहे, ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, तर ते वेगळं काहीतरी आहे, त्यावर ही ट्यूब चोळून उपयोग नाही. पहिल्यांदाच होतंय किंवा प्रेग्नंट आहात तरी थेट डॉक्टर. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर डॉक्टर लोक त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन धरतात, मग नुसतं बघून गोळी लिहून घेऊ नका, स्वॅब घेऊन कल्चर (लॅबमध्ये बुरशी वाढवून ती कोणती ते बघणं) करूया का असं स्वतः विचारा आणि त्या तपासणीला ट्यूब लावून जाऊ नका.

पुरुषांनो तुम्ही इथेच थांबा, स्क्रोल करू नका. पुढच्या कातडीखाली लाली, पांढरा थर, बारीक चिरा पडणं, कातडी मागे घेताना दुखणं, हे पण यीस्ट असू शकतं आणि कधीकधी शुगरची पहिली खूण हीच असते. याशिवाय छातीखाली, जांघेत, पोटाच्या वळीत ओलसर लाल चट्टा, दिवसभर पाण्यात हात असणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात पांढरं होऊन सोललेलं, कवळी लावणाऱ्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात चिरा, हे सगळं त्याच खानदानातलं. गोल गोल कडा वाढत जाणारा नायटा मात्र वेगळा, त्याची बुरशी वेगळी आणि औषधाचे दिवसपण वेगळे.

मग शुगर. फास्टिंग, पीपी (जेवल्यावर दोन तासांनीची) आणि एचबीए१सी, तिन्ही एकदमच करून टाका. फास्टिंग १२६ किंवा वर, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीए१सी ६.५ किंवा वर म्हणजे डायबिटीस. फास्टिंग १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर. बाकी काही त्रास नसताना एकच रिपोर्ट वर आला तर डॉक्टर परत करायला सांगतात, ते बरोबरच आहे, घाबरून जाऊ नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जो देशभराचा अभ्यास दिला त्यात १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आणि आणखी १३ कोटी ६० लाख काठावर असा अंदाज होता, म्हणजे तुमच्या लोकलच्या डब्यातपण बरेच जण आहेत, त्यातल्या कित्येकांना पत्ताच नाही.

टेस्टमध्ये आपले लोक काय काय करतात ते ऐका. माझी आत्या फास्टिंगला जाताना चहा पिऊन गेली, का तर 'नुसता चहाच तर घेतला, खाल्लं कुठे काय'. फास्टिंग म्हणजे कमीत कमी आठ तास फक्त पाणी. पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही. दुसरी गंमत, रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधीचे चार दिवस भात बंद करणारे, अरे बाबा परीक्षा कोणाची आहे? एचबीए१सीला तसंही फसवता येत नाही, तो गेल्या साधारण तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. पण त्यातही एक मेख आहे, रक्तात लोह कमी असेल तर तो उगाच थोडा वर दिसू शकतो आणि थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोष वगैरे असेल तर आकडा चुकू शकतो, आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कुठे असतं ते माहितीये, म्हणून सीबीसी ही हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजायची टेस्टपण सोबत करा आणि डॉक्टरांना दोन्ही दाखवा. घरातलं बोट टोचायचं मशीन लक्ष ठेवायला ठीक, निदान त्याच्यावर करायचं नाही. आणि टोचायच्या आधी हात धुवा हो! आमच्याकडे मेमध्ये सासूबाईंचा आकडा ३१२ आला, सगळे हबकलो, मग लक्षात आलं की त्या आत्ताच हापूस चिरून उठल्या होत्या. हात धुऊन परत घेतला तर १४८.

पैशाचा प्रश्न असेल तर मुंबईत पालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये तपासणी आणि साध्या रक्ताच्या टेस्ट फुकट होतात, आणि केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेचीच मोठी हॉस्पिटलं आहेत, रांग असते, सकाळी लवकर जा.

आता ज्यांना शुगर आहे हे आधीच माहितीये आणि तरी हे होतंय त्यांच्यासाठी, हा भाग नीट वाचा. गोळ्यांची पाकिटं काढा आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतंय का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. या गोळ्यांचं कामच मुळी जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढणं हे आहे, म्हणजे रक्ताचा रिपोर्ट छान आणि खाली मात्र यीस्टला रोज पंगत. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, मग बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, त्यामुळे ती आता खूप घरांत असते आणि मिक्स गोळीत असेल तर पाकिटावरच्या मोठ्या नावावरून कळतच नाही. पण मनाने बंद करू नका, हार्ट आणि किडनीसाठी ती गोळी चांगली असते, काहींना त्यासाठीच दिलेली असते. डॉक्टरांना सरळ सांगा, खाली खाज येते. लाज वाटत असेल तर पाकिटावर पेनने गोल करून समोर ठेवा, मी आईच्या वेळी हेच केलं. तोपर्यंत दर वेळी लघवीनंतर साध्या पाण्याने धुवून कोरडं करायचं. आणि आपल्या ट्रेनवाल्या बायका टॉयलेट नको म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, या गोळीवर ते अजिबात करू नका. आणखी एक, फार क्वचित होतं पण माहीत असू दे, त्या भागात भयंकर दुखतंय, सूज आहे, ताप आहे, तर सकाळची वाट बघायची नाही, कॅज्युअल्टी गाठायची.

औषधाबद्दल. फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी सगळ्यांना माहितीये, एकदा कधीतरी झालं तर ती किंवा क्लोट्रिमाझोल हे बुरशीवर लावायचं औषध पुरतं. पण परत परत होत असेल तर डॉक्टर आधी दर तीन दिवसांनी एक अशा तीन आणि मग आठवड्याला एक अशी सहा महिनेपण देतात, बरं वाटलं की मध्येच सोडायचं नसतं. शुगरवाल्यांमध्ये कधीकधी कॅन्डिडाची दुसरी जात निघते, ग्लॅब्राटा, तिच्यावर ही गोळी नीट चालत नाही, म्हणूनच वर कल्चरचं म्हटलं. आणि ग्लिमेपिराइड सारखी शुगरची गोळी चालू असताना स्वतःच्या मनाने फ्लुकोनाझोल घेतली तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. रक्त पातळ करायची वॉर्फरिन घेणाऱ्यांनीपण विचारल्याशिवाय घेऊ नका. प्रेग्नन्सीत ही गोळी टाळतात, आतून लावायचंच औषध देतात.

आणि ती माझी काळ्या पिशवीतली ट्यूब? नंतर चष्मा लावून वाचली तर आत क्लोबेटासोल, म्हणजे कडक स्टिरॉइड, सोबत अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, थ्री इन वन. स्टिरॉइडने खाज झटकन थांबते म्हणून वाटतं काय जादू आहे, पण बुरशी आतून फोफावते आणि नाजूक कातडी पातळ होते. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन दिसलं तर ट्यूब परत द्या.

घरचं सांगायचं तर दोन दिवस साखर बंद करून काही होत नाही, महिने लागतात. मी फक्त मोजायला लागले. ऑफिसमध्ये दिवसाला पाच कटिंग, प्रत्येकात दीड चमचा धरा, झाले साडेसात चमचे आणि मी म्हणायचे मी गोड खात नाही! वर गुरुवारचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा. आता दोन चहा बिनसाखरेचे, उपवासाला दाण्याची आमटी आणि वरी थोडीच, रात्री जेवून बिल्डिंगखाली वीस मिनिटं फेऱ्या, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी. पावसाळ्यात पर्समध्ये झिपच्या पिशवीत एक जास्तीची कॉटनची चड्डी. आणि जुलैमध्ये दोरीवर तीन दिवस दमट राहिलेले आतले कपडे इस्त्री फिरवल्याशिवाय घालायचे नाहीत. डेटॉल, सुगंधी वॉश, आत दही किंवा लसूण, यातलं काहीही तिथे नको. दही वाटीत घेऊन खा.

आणि शुगर नॉर्मल आली तर? येऊ शकते, वारंवार होणाऱ्या कित्येकींची नॉर्मलच असते. मग नुकत्याच झालेल्या अँटिबायोटिक कोर्सकडे, गर्भनिरोधक गोळ्यांकडे, स्टिरॉइडकडे बघा. अशांनी इंटरनेटवर बघून गूळ, फळं, भाकरी सगळं सोडून उपाशी राहण्यात अर्थ नाही, शुगर नॉर्मल असताना त्याने यीस्ट जातं असं काही पक्कं दिसलेलं नाही.

माझा एचबीए१सी आता ६.४ आहे आणि दोन पावसाळे बिनखाजेचे गेले. हे लिहीत असताना नवरा मागे उभा राहून वाचत होता, चिरांच्या ओळीपाशी आला आणि गप्प झाला, मग म्हणतो, 'अगं, ते... मला पण महिनाभर आहे'. महिनाभर! उद्या सकाळी साडेसातला त्याची फास्टिंग आहे, फ्रीजमधलं श्रीखंड मी शेजारच्या वहिनींकडे ठेवून आलेय.